दहा म्हणेपर्यंत

वरच्या मजल्यावर औषध बनायचं आणि खालच्या मजल्यावर ते टोचायचं पेन. दोन्ही मिळून एकच वस्तू होणार होती, पण 'मिळून' हा शब्द त्या इमारतीत कुणाला फारसा ठाऊक नव्हता. वरचे लोक खालच्यांना खेळणीवाले म्हणत. खालचे वरच्यांना काढेवाले म्हणत. काही बिघडलं की वरचे म्हणत, तुमची स्प्रिंग मरतुकडी आहे. खालचे म्हणत, हे औषध आहे की डिंक? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय दोन्ही मजल्यांवर सारखाच चालायचा. एवढंच काय ते त्यांच्यात साम्य.

या सगळ्यांची मोट बांधायचं काम ताईंकडे होतं. पन्नाशीच्या, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम चष्म्याचा. सगळे त्यांना ताईच म्हणत, भांडतानासुद्धा. दिवसातून इतक्या वेळा जिना चढ-उतर करायच्या की गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि त्या स्वतःच म्हणायच्या, हे पेन बाजारात येईपर्यंत त्याचं पहिलं गिऱ्हाईक मीच होणार.

औषध सांध्यांचं होतं. बोटं वाकडी करणारं, गुडघे सुजवणारं जे दुखणं असतं, त्यावरचं. आठवड्यातून एकदा मांडीत टोचायचं. आत्तापर्यंत त्यासाठी दवाखान्यात जावं लागे. पेन आलं की घरच्या घरी काम होणार. पण ज्यांची बोटंच वळत नाहीत ते बटण काय दाबणार? म्हणून ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी द्यायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. पेन मांडीवर टेकवायचं, बटण दाबायचं, खटका वाजला की दहापर्यंत मोजायचं आणि मगच उचलायचं. पेनाच्या अंगावर एक बारकी खिडकी होती. तिच्यात पिवळी पट्टी सरकत खालपर्यंत आली म्हणजे औषध पूर्ण गेलं. आधी उचललं तर उरलेलं औषध कातडीवरून ओघळणार आणि आजारी माणूस अर्ध्यावर राहणार. खिडकी बघितली नाही तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

हे दहा म्हणजे दोन मजल्यांमधला तह होता. औषध दाट, म्हणून उतरायला वेळ लागतो. पातळ करा म्हटलं तर वरच्या मॅडम, ज्यांनी ते औषध बसवलं होतं, त्या म्हणत, माझी चार वर्षं पाण्यात घालू का? स्प्रिंग जोरदार करा म्हटलं तर खालचे म्हणत, मग आतली काच फुटेल. बरीच डोकेफोड झाल्यावर ताईंनीच दहावर तोडगा काढला. माणसं बोलावून तपासणीही झाली. तपासणीची एक खोली होती; तिच्या एका भिंतीत काच, पलीकडचे दिसतात पण त्यांना आपण दिसत नाही अशी. बोलावलेली माणसं खोलीत बसून टेबलावरच्या स्पंजच्या गादीत पेन खुपसत, दहा मोजत, उचलत. झाडून सगळ्यांनी बरोबर केलं. पेन बाजारात न्यायला वरच्या मॅडमनी सही केली. सगळ्यांनी सही केली. राहिला एकटा नन्ना.

नन्ना म्हणजे खालच्या मजल्याचा स्प्रिंगवाला. कानावर पेन्सिल, खिशात फूटपट्टी, आणि तोंडात मूग. चांगला होता कामाला, त्यात वाद नाही. पेनाचं सगळं काळीज त्यानंच बसवलेलं. पण बैठकीला बसला की घुम्यासारखा. सगळे बोलून थकले की शेवटी म्हणायचा, "माझं 'नाही' आहे."

"का पण?"

"बसत नाही."

काय बसत नाही, कुठे बसत नाही, देवाला ठाऊक. नन्नाचा पाढा म्हणून त्याचं नावच नन्ना पडलं, आणि त्याला ते कळलं तेव्हा त्यानं त्याला मात्र नाही म्हटलं नाही.

ताईंनी सगळे उपाय केले. चहा पाजला. तोंडभर कौतुक केलं. एकदा रागावल्या. एकदा रुसून दोन दिवस बोलल्या नाहीत, तर नन्नाला ते बरंच वाटलं, शांतपणे काम करत बसला. शेवटी त्यांनी हात टेकले आणि साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. "त्याची सही नकोच. त्याच्या हाताखालच्याची चालते, नियमात बसतं. तुम्ही फक्त इथं लिहून द्या की तो कारण देत नाही. आठवडा संपायच्या आत द्या."

ताईंनी कागद बॅगेत घातला. सुंठीवाचून खोकला जात होता. तरी कुठेतरी टोचत होतं, कारण आपल्या माणसाला वळसा घालून जायची त्यांना सवय नव्हती.

पण घाई होती. आणि घाई साहेबांपेक्षा त्यांनाच जास्त होती. ताईंच्या आईला तेच दुखणं होतं.

आई सत्तरीच्या पुढची. बोटं अशी वळलेली की बरणीचं झाकण काढायला चिमटा लागे. दर मंगळवारी टॅक्सी करून एकटी दवाखान्यात जायची, बाकावर बसून राहायची, टोचून घेऊन परत यायची. ताई सुरुवातीला एक-दोनदा गेल्या होत्या, पण नेमका आत बोलावल्यावर त्यांना फोन यायचा आणि त्या बाहेर जायच्या. पुढे आईच म्हणाली, तू कशाला कामाचा खोळंबा करतेस, मी जाते की. ताईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचं वाईटही वाटलं. दर मंगळवारी संध्याकाळी त्या विचारायच्या, "दुखलं का गं?" आई म्हणायची, "छे, मुंगी चावल्यासारखं." मग विषय बदलायचा.

पेन आलं की हे सगळं संपणार होतं. आई घरी, आपल्या पलंगावर; ताई स्वतः देणार. ताईंनी ते मनात इतक्या वेळा केलं होतं की त्यांना त्या टॅक्सीचा रागच यायला लागला होता.

त्या संध्याकाळी आईला जेवायला वाढताना त्या सहज म्हणाल्या, "थोडे दिवस. मग तुझा तो बाक सुटला."

आईनं डोळे मिटून मान हलवली. "देव करो," एवढंच म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून ताईंनी ठरवलं की उद्या कागद द्यायचाच. जाता जाता नन्नाला एकदा शेवटचं विचारायचं. त्याच्या पाठीमागे काही करायचं नाही, तोंडावर सांगून करायचं.

सकाळी खालच्या मजल्यावर अजून कुणी आलं नव्हतं. नन्ना टेबलाशी बसून एक स्प्रिंग बोटानं दाबून सोडत होता, दाबून सोडत होता.

ताई समोर स्टूल ओढून बसल्या. "तुम्ही पेनाला नाही म्हणताय की मला?"

"तुम्हाला कशाला नाही म्हणू, ताई?"

"मग कारण सांगा. ताकाला जाऊन भांडं का लपवताय?"

नन्नानं स्प्रिंग खाली ठेवली. मग म्हणाला, "माझ्याकडे आकडा नाही."

"नसू दे."

"आकडा नसताना बोलायची मला लाज वाटते. वरच्या मॅडम हसतील. हसतील कसल्या, जिन्यावरून ढकलतील."

"मी ढकलणार नाही. बोला."

मग तो बोलला, पण पेनाबद्दल नाही. मुलाबद्दल. मुलगा लहान असताना त्याचे डोळे आले होते. औषधाचे दोन-दोन थेंब घालायचे होते. बायको कामावर, म्हणून ते काम नन्नाकडे. पोरगं असं कळवळायचं की पहिला थेंब पडला न पडला तोच हा बाटली बाजूला करायचा. "आणि मला वाटायचं, दोन घातले. खोटं नाही बोलत, ताई, मला खरंच वाटायचं दोन पडले. डोळे बरे होईनात. बायकोनं बाटली उजेडात धरून बघितली तेव्हा कळलं, निम्मी शिल्लक. मला चांगलं फैलावर घेतलं तिनं."

ताईंना हसू आलं. नन्ना हसत नव्हता.

"आपण पेन कुणाकडून तपासून घेतलं? बोलावलेल्या माणसांकडून, स्पंजवर. परीक्षेला बसल्यासारखी दहा मोजली सगळ्यांनी. स्पंज दुखत नाही, ताई. आणि स्पंज कुणाचा कोण लागत नाही."

ताईंचं हसू गेलं. त्याच्या जागी रागच आला. तुमच्या पोराच्या डोळ्यांवरून मी सगळं थांबवू? हे दोन्ही मजल्यांचं इतकं मोठं काम? तोंडानं मात्र त्या म्हणाल्या, "ठीक आहे. माझी आई आहे, तिला हेच दुखणं आहे. तिला आणते. मी स्वतः देते, सरावाच्या पेनानं. दहाचा नियम मी लिहिलाय, माझ्याइतका तो कुणाला पाठ आहे? खिडकी भरली तर तुम्ही सही करायची."

"करीन."

"आणि काचेमागे येऊन बसायचं. आजवर आला नाहीत एकदाही."

नन्नानं मान हलवली. काचेमागे बसायला त्याला आवडत नसे. चुकणाऱ्या माणसाला मदत करायची नाही हा तिथला नियम त्याला सोसत नव्हता.

बातमी जिन्यावरून वर गेलीच. वरच्या मॅडम म्हणाल्या, मीही येते गंमत बघायला.

आई आली ती चांगली साडी नेसून, केस विंचरून. लेकीचं ऑफिस पहिल्यांदाच बघत होती. खुर्चीवर बसली, काचेकडे बघून पदर सारखा केला. "पलीकडे माणसं आहेत म्हणालीस ना? नमस्कार हो," ती काचेला म्हणाली.

सरावाच्या पेनात सुई नव्हती. बाकी सगळं खऱ्यासारखं: तोच खटका, तोच धक्का, आतल्या आत सरकणारं तितकंच दाट पाणी. बोथट टोक मांडीत चांगलं रुतायचं, आणि उचललं की पट्टी असेल तिथे थांबायची. ताईंनी ते शेकडो वेळा हाताळलं होतं. त्या आईसमोर गुडघ्यावर बसल्या. साडीवरून जागा चाचपली. मांडी इतकी बारीक झालेली त्यांना ठाऊक नव्हती.

"बसू का गं नीट?" आईनं विचारलं.

"बसलीच आहेस नीट. हलू नकोस."

पेन टेकवलं, बटण दाबलं. खटका वाजला. आई काही बोलली नाही. तोंडही वाकडं केलं नाही. फक्त चपलेतली पायाची बोटं आखडली, वर आली आणि तशीच राहिली. ताईंना ती बोटं दिसत होती.

"एक, दोन, तीन," ताई मोठ्यानं मोजत होत्या. दहा म्हणाल्या आणि पेन उचललं. "झालं, आई. बघ, किती सोपं."

आईची बोटं खाली आली. ताईंनी काचेकडे बघून पेन उंच धरलं, जिंकल्यासारखं.

दार उघडून नन्ना आत आला. त्यानं पेन हातात घेतलं नाही. हळूच म्हणाला, "खिडकी बघा, ताई."

पिवळी पट्टी निम्म्यावर होती.

"मी दहा मोजले," ताई म्हणाल्या. "तुम्ही ऐकलंत की. आई, मी दहा मोजले ना?"

"मोजलेस," आई म्हणाली.

"मोजलेत, ताई," नन्ना म्हणाला. "एकही गाळला नाहीत. पण सुरुवातीचे तीन नीट मोजलेत आणि पुढचे सात एका दमात. तोंड म्हणत होतं दहा आणि हात म्हणत होता पुरे."

ताई फरशीवर तशाच बसून राहिल्या. ज्यांनी नियम लिहिला, ज्यांना तो पाठ होता, ज्या पैज लावून आल्या होत्या, त्यांच्या हातून हे झालं होतं. सुई नसताना झालं होतं. घरी दर मंगळवारी त्या असंच करणार होत्या आणि आईला निम्मंच औषध जाणार होतं. दुखणं का थांबत नाही म्हणून मग त्या वरच्या मजल्यावर जाऊन भांडणार होत्या. त्यांनी मनगटानं डोळे पुसले.

"रडतेस काय," आई म्हणाली. "परत कर. या वेळी मी मोजते."

ताईंनी सरावाचं दुसरं पेन टेकवलं. आईनं आपला वाकडा हात लेकीच्या हातावर ठेवला. खटका वाजला. पायाची बोटं पुन्हा आखडली. आई मोजायला लागली, सावकाश, एकेका आकड्याला पूर्ण जागा देत, लहानपणी अंकलिपी शिकवताना मोजायची तसं. सहाला तिचा आवाज जरा चिरकला. ताईंचा हात पेन उचलायला निघाला, तो तिनं दाबून धरला. दहा म्हणून झाल्यावरच सोडला.

पट्टी खालपर्यंत गेली होती.

ताईंच्या मनात क्षणभर लख्ख आलं, की सुटलं! आजारी माणसानं मोजायचं, एवढी एक ओळ सूचनेत घातली की काम झालं. त्या उठल्याच. "बघा, भरलं. एक ओळ वाढवू."

नाही म्हणणं नन्नाच्या ओठावर होतं, पण आईकडे बघून त्यानं ते गिळलं.

बोलल्या त्या दारात उभ्या असलेल्या वरच्या मॅडम. "सगळ्यांच्याच आया अशा मोजणार नाहीत, ताई. माझी पहिल्याच धक्क्याला माझा हात झटकून टाकेल. आणि मी टाकू देईन." त्या थांबल्या. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं हे दिसत होतं. "माझं औषध दाट आहे. पातळ करावं लागेल."

नन्नानं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू भिंत बोलली. "पातळ केलंत तर जास्त भरावं लागेल. म्हणजे माझी नळी मोठी, अंग मोठं. सगळं नव्यानं."

"पण उतरेल लवकर?"

"उतरेल. चार म्हणेपर्यंत उतरेल. चार कुणीही नीट मोजतं."

"किती वेळ लागेल या सगळ्याला?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "वर्ष," नन्ना म्हणाला. "वर्ष तरी," मॅडम म्हणाल्या. दोन्ही मजल्यांचं एकमत झालं ते नेमकं याच्यावर.

ताईंनी आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत बसली होती, आपल्याला काही कळत नसल्यासारखी. तिला सगळं कळलं होतं. ताईंनी बॅगेतून साहेबांचा कागद काढला, उलटा केला आणि नन्नापुढे धरला. "नळी किती मोठी होईल ते काढून दाखवा यांना. मी साहेबांशी बोलते."

नन्नानं कानावरची पेन्सिल काढली. वरच्या मॅडम त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या आणि लगेच म्हणाल्या, इतकी जाडी? हातात मावेल का ती? भांडण पुन्हा सुरू झालं, पण या वेळी एकाच टेबलावर.

परतताना टॅक्सीत ताई म्हणाल्या, "आई, वर्ष लागेल गं. मी तुला थोडे दिवस म्हणाले होते."

"ऐकलं मी."

"तुझं औषध माझ्या हातात होतं. मी आज सही घेतली असती तर..."

"तर निम्मं गेलं असतं," आई म्हणाली. खिडकीबाहेर बघत राहिली. "मला जमेल वर्ष. आजवर जमलंच की. तुला जमेल का?"

"मला काय जमायचंय?"

"आत यायला."

टॅक्सी सिग्नलला थांबली, सुटली. मग ताईंनी सांगून टाकलं. "मला बघवत नाही, आई. फोन-बिन काही येत नसायचा."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "म्हणून तर एकटी जाते."

ताईंनी आईचा हात घेतला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

मंगळवारी दोघी गेल्या. बाकावर गर्दी होती. आईच्या ओळखीच्या दोन बायका होत्या, त्यांना आईनं ही माझी लेक म्हणून ऐटीत सांगितलं. नर्सनं नाव पुकारलं तेव्हा ताईंचा हात बॅगेतल्या फोनकडे गेला, पण त्या उठल्या आणि आत गेल्या. नर्स म्हणाली, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल. ताई म्हणाल्या, मी इथेच थांबते.

सुई आत गेली. नर्सला काही घाई नव्हती, ती हळूहळू औषध सोडत होती. आईची पायाची बोटं आखडली. ताईंनी नजर वळवली नाही. त्या आईच्या शेजारी उभ्या होत्या, तिचा खांदा धरून, आणि शेवटपर्यंत बघत राहिल्या.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

आईनं लेकीकडे बघितलं. मग डोकं तिच्या कमरेला टेकवलं.

"खूप दुखतंय," आई म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं.